इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांसाठी घातक पदार्थांचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोह्स म्हणजे काय आणि तो आम्हाला लागू होतो का?

विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांत ठरावीक घातक पदार्थ वापरण्यावर निर्बंध घालणारा हा युरोपीय संघाचा निर्देश आहे. पहिली आवृत्ती २००२ ची, ती १ जुलै २००६ पासून लागू झाली. सध्या चालू असलेला निर्देश २०११/६५/ईयू हा आहे. त्यात २०१५ च्या सुधारणेने (२०१५/८६३) चार थॅलेटची (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) भर पडली.

वस्तूचे एखादे काम वीज किंवा विद्युत-चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असेल आणि ती एसी १००० किंवा डीसी १५०० व्होल्टपर्यंतची असेल, तर ती निर्देशात येते. ते मुख्य काम नसले तरी चालते. दिवे लावलेले कपाट, मोटर असलेला पलंग, आवाज करणारे खेळणे हे सगळे २२ जुलै २०१९ पासून त्यात आहे. बाहेर राहतात ती लष्करी आणि अंतराळातली उपकरणे, शरीरात बसवायची सक्रिय वैद्यकीय उपकरणे, व्यावसायिकांनी कायमस्वरूपी उभारलेली सौर पॅनेल, मोठ्या प्रमाणावरची स्थिर औद्योगिक यंत्रे आणि वाहने. ‘आमचे यंत्र मोठे आहे, म्हणजे ते सुटले’ असे अनेक जण धरून चालतात. सूट मिळायला यंत्र मोठे असण्याबरोबर ते एका जागी कायमचे बसवलेले, व्यावसायिकांनी उभारलेले आणि त्यांनीच सांभाळलेले असावे लागते. चाकांवर ढकलून नेता येणारे परीक्षण-यंत्र या सवलतीत बसत नाही.

बंदी नेमकी कशावर आणि किती?

पदार्थ दहा आहेत. शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम, पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल (पीबीबी), पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर (पीबीडीई) ही प्लास्टिकमधली आग रोखणारी दोन रसायने आणि डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी हे चार थॅलेट यांची मर्यादा वजनाने ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग). कॅडमियमची मर्यादा मात्र ०.०१ टक्का, म्हणजे १०० पीपीएम. वैद्यकीय उपकरणे आणि मोजमाप-नियंत्रण उपकरणे यांना थॅलेटची मर्यादा २२ जुलै २०२१ पासून लागू झाली, बाकी सगळ्यांना त्याआधी दोन वर्षे.

ही टक्केवारी कशाच्या वजनाची? पूर्ण उपकरणाच्या?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टक्केवारी ‘एकसंध पदार्था’च्या वजनावर काढतात. स्क्रू काढून, कापून, चिरडून, दळून किंवा घासून ज्याचे आणखी वेगवेगळे पदार्थ करता येत नाहीत तो एकसंध पदार्थ. एका साध्या वायरमध्ये तांब्याची तार वेगळी, तिच्यावरचा कथलाचा मुलामा वेगळा, पीव्हीसीचे आवरण वेगळे आणि आवरणावरची छपाईची शाईसुद्धा वेगळी. आयसीमध्ये काळे मोल्डिंग, आतली चिप, चिकटवणारा डिंक, लीडफ्रेम (चिपला पायांशी जोडणारी धातूची चौकट) आणि पायांवरचा काही मायक्रॉन जाडीचा मुलामा हे सगळे स्वतंत्रपणे मर्यादेत बसले पाहिजेत.

एक हिशेब पाहा. २० किलोच्या उपकरणात २ ग्रॅमचा एक रबरी ग्रोमेट (वायर जाते त्या छिद्रातली कडी) आहे आणि त्यात डीईएचपी २० टक्के आहे. पूर्ण उपकरणावर सरासरी काढली तर ०.४ ग्रॅम, म्हणजे फक्त २० पीपीएम. तरीही उपकरण अवैध ठरते, कारण ग्रोमेटचा पदार्थ मर्यादेच्या २०० पट आहे. म्हणूनच तयार मालाची तपासणी करून हा नियम पाळता येत नाही. तो पाळायचा तो खरेदीच्या टेबलावर आणि स्टोअरच्या दारात.

हे पदार्थ प्रत्यक्षात कुठे सापडतात?

शिसे म्हटले की सगळे सोल्डरकडे पाहतात, पण सोल्डरवर आता बहुतेकांचे लक्ष असते. माल अडकतो तो इतर जागी : स्वस्त पीव्हीसी केबलमधला शिशाचा स्टॅबिलायझर, पितळी टर्मिनल आणि इन्सर्ट, सहज कापले जाणारे शिसेयुक्त पोलाद, पावडर कोटिंग आणि रंगातली रंगद्रव्ये.

कॅडमियम भडक पिवळ्या, केशरी आणि लाल प्लास्टिकच्या रंगद्रव्यांत, जुन्या पद्धतीच्या मुलाम्यात आणि रिलेच्या चांदी-कॅडमियम ऑक्साइड संपर्कांत सापडते. पारा जुन्या टिल्ट स्विचमध्ये, पाऱ्याने ओलावलेल्या रिलेत आणि नळीच्या दिव्यांत. षट्संयुजी क्रोमियम जस्ताच्या मुलाम्यावरच्या पिवळसर, इंद्रधनुषी पॅसिव्हेशनमध्ये (गंज रोखणाऱ्या पातळ रासायनिक थरात). पीबीडीई मुख्यतः पुनर्वापर केलेल्या काळ्या प्लास्टिकमधून येते, कारण जुन्या टीव्ही-संगणकांची कवचे भरडून ते दाणे बनलेले असतात. थॅलेट मऊ पीव्हीसी, ग्रिप, स्लीव्ह, सक्शन कप आणि काही चिकटपट्ट्यांत असतात.

डिसेंबर २००१ मध्ये नेदरलँड्सने सोनीच्या प्लेस्टेशन वनचे सुमारे १३ लाख संच अडवले होते, तेही केबलमधल्या कॅडमियममुळे. तेव्हा रोह्स आलाही नव्हता. कॅडमियमवरचा नेदरलँड्सचा स्वतःचा कायदा पुरेसा ठरला.

शिसे असलेला भाग कायदेशीर असू शकतो का?

असू शकतो. निर्देशाच्या परिशिष्ट ३ मध्ये, आणि वैद्यकीय व मोजमाप उपकरणांसाठी परिशिष्ट ४ मध्ये, सवलतींची यादी आहे. रोज लागणाऱ्या सवलती मोजक्याच : ६(ए) यंत्रकामासाठीच्या पोलादात ०.३५ टक्क्यांपर्यंत शिसे, ६(बी) ॲल्युमिनियम मिश्रधातूत ०.४ टक्क्यांपर्यंत, ६(सी) तांब्याच्या मिश्रधातूत (यात पितळ आले) ४ टक्क्यांपर्यंत, ७(ए) ८५ टक्के किंवा जास्त शिसे असलेले उच्च तापमानाचे सोल्डर आणि ७(सी) घटकांच्या काचेतले किंवा सिरॅमिकमधले शिसे. जाड-फिल्म रेझिस्टरच्या काचेत शिसे असते. पॉवर डायोडच्या आत चिप बसवायला उच्च-शिसे सोल्डर वापरतात. म्हणजे ‘रोह्सला अनुरूप’ असा शिक्का असलेल्या भागातही शिसे असते आणि ते नियमात बसते.

अडचण अशी की प्रत्येक सवलतीला मुदत असते. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान १८ महिने आधी करावा लागतो. वेळेत अर्ज झाला असेल तर निर्णय येईपर्यंत सवलत चालू राहते. अर्ज फेटाळला तर निर्णयानंतर १२ ते १८ महिन्यांत ती बंद होते. मुदतवाढ देताना जुन्या नोंदीचे उपविभाग पाडून त्यांना वेगवेगळ्या तारखा देण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे बीओएममध्ये (उत्पादनातल्या भागांच्या यादीत) ‘सवलत : होय’ एवढेच लिहू नका. सवलतीचा पूर्ण क्रमांक आणि तिची अंतिम तारीख असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा आणि वर्षातून दोनदा परिशिष्टाच्या एकत्रित मजकुराशी ते ताडून पाहा.

लेड-फ्री सोल्डरकडे वळताना लाइनवर काय बदलते?

तापमान. ६३/३७ कथील-शिसे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. सर्वाधिक वापरातले एसएसी ३०५ (कथील ९६.५, चांदी ३, तांबे ०.५ टक्के) २१७ ते २२० अंशांना वितळते. रिफ्लोमध्ये (पेस्ट लावलेला बोर्ड भट्टीतून नेऊन सोल्डर वितळवताना) शिसेयुक्त पेस्टला साधारण २०५ ते २२० अंशांचे शिखर पुरायचे, इथे २३५ ते २५० लागते. अनेक घटकांची सहनशक्ती २६० अंशांवर संपते. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा यांच्यातली फट अशी अरुंद होते. मोठा ट्रान्सफॉर्मर आणि ०४०२ आकाराचा इवलासा रेझिस्टर एकाच बोर्डवर असेल तर एक जण थंड राहतो, दुसरा तापतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बोर्डाच्या कडेला नव्हे, तर सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या घटकाच्या सांध्यावर लावून प्रोफाइल (वेळेनुसार तापमानाचा आलेख) काढा.

या वाढीव तापमानाचे परिणाम ओळीने दिसतात. ओलावा शोषलेल्या आयसीच्या आत वाफ होऊन कवच फुटते. एमएसएल ३ (ओलाव्याच्या संवेदनशीलतेची तिसरी पातळी) असलेला भाग पाकीट उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासच बाहेर राहू शकतो. ती मर्यादा उलटली तर त्याला आधी बेक करावे लागते. कमी दर्जाच्या लॅमिनेटचे थर सुटतात, म्हणून जास्त टीजी (लॅमिनेट मऊ पडू लागते ते तापमान) आणि जास्त विघटन-तापमान असलेले एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीचे लॅमिनेट) मागवा. जुन्या कनेक्टरचे प्लास्टिक वाकते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतात.

बोर्डाच्या पृष्ठलेपाचा निर्णयही इथेच होतो. ओएसपी (तांब्यावरचा सेंद्रिय थर) स्वस्त, पण दोन-तीन उष्णता-फेऱ्यांनंतर त्याच्यावर सोल्डर नीट पसरत नाही. इमर्शन सिल्व्हर गंधकयुक्त हवेत काळे पडते आणि त्याचे क्षार पॅडवरून पसरत जाऊन शॉर्ट करतात. एनिग (निकेलवर सोन्याचा पातळ थर) सपाट आणि टिकाऊ, मात्र निकेलचे रसायन बिघडले की ‘ब्लॅक पॅड’ होऊन सांधा कोरडा तुटतो.

वेव्ह सोल्डरचे (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेण्याच्या पद्धतीचे) भांडे हा आणखी एक खर्च. कथलाचे प्रमाण जास्त असलेले वितळलेले सोल्डर साधे स्टेनलेस स्टील खाते. भांड्याला, इम्पेलरला टायटॅनियम किंवा विशेष लेप लागतो. नाही तर लोह-कथलाच्या सुया सोल्डरमध्ये तरंगू लागतात.

शिसेयुक्त आणि लेड-फ्री काम एकाच शेडमध्ये चालेल का?

चालते, पण शिस्त कडक लागते. हिशेब असा : २०० किलोच्या लेड-फ्री भांड्यात शिसे ०.१ टक्क्याला पोचायला २०० ग्रॅम पुरते. ६३/३७ मध्ये ३७ टक्के शिसे असते, म्हणजे त्याच्या सुमारे ५४० ग्रॅमच्या कांड्या चुकून पडल्या की अख्खे भांडे बाद. कांडी एखादी साधारण किलोभराची असते, तेव्हा एकाच चुकीत काम तमाम. शिसेयुक्त लेप असलेले घटक आणि शिसेयुक्त एचएएसएल (गरम हवेने सपाट केलेल्या सोल्डरचा लेप असलेले) बोर्ड यांच्यातूनही शिसे थोडे थोडे उतरत राहते. भांड्यातला नमुना ठरावीक काळाने प्रयोगशाळेत पाठवणे म्हणूनच टाळता येत नाही.

दुरुस्तीचे टेबल तर त्याहून धोक्याचे. लेड-फ्री बोर्डावर कोणी ६३/३७ तारेने एक सांधा डागला, तर तो सांधा हाच एकसंध पदार्थ ठरतो आणि पूर्ण उपकरण नियमाबाहेर जाते. उपाय असे : सोल्डरिंग आयर्न, टिप, स्पंज, डिसोल्डर पंप, तारेची रिळे वेगळी आणि वेगळ्या रंगाची. कचरा आणि ड्रॉस (सोल्डरवर जमणारी मळी) यांचे डबे वेगळे. बोर्डावर सोल्डरचा प्रकार दाखवणारी खूण, जसे कथील-चांदी-तांब्यासाठी ‘ई१’. रात्रपाळीला लागणारी तार कुठल्या कपाटात आहे हेही लिहून ठेवा, कारण चुकीची रीळ बहुधा अशाच वेळी उचलली जाते.

लेड-फ्री गोळ्यांचा बीजीए (पायांऐवजी खाली सोल्डरच्या गोळ्या असलेला घटक) शिसेयुक्त पेस्टने आणि शिसेयुक्त प्रोफाइलने सोल्डर करू नका. गोळी वितळतच नाही, पेस्ट अर्धवट मिसळते आणि सांधा तापमानाच्या चढउतारात तडकतो.

कथलाचे ‘व्हिस्कर’ ही खरी भीती आहे का?

बारीक अंतराच्या पायांसाठी आहे. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून केसासारखे धातूचे तंतू आपोआप उगवतात. तांबे आणि कथील यांच्यात संयुग तयार होताना मुलाम्यात दाब साठतो आणि तो असा बाहेर पडतो. पूर्वी काही टक्के शिसे मिसळून ही वाढ आवरली जायची. आता मॅट कथील, खाली निकेलचा थर आणि मुलाम्यानंतर २४ तासांच्या आत १५० अंशांवर एक तास तापवणे, हे उपाय घटक-उत्पादकाकडून लेखी मागा. चकचकीत शुद्ध कथील दिसले तर दुसरा पर्याय शोधा. पायांवर निकेल-पॅलेडियम-सोने असेल तर प्रश्नच मिटतो. कॉन्फॉर्मल कोटिंगने (बोर्डावरच्या पातळ संरक्षक लेपाने) धोका कमी होतो, संपत नाही.

हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या) यंत्राने सगळे तपासता येते का?

चाळणी म्हणून उत्तम, निकाल म्हणून अपुरे. एक्सआरएफला मूलद्रव्य दिसते, संयुग नाही. ब्रोमीन दिसले म्हणजे पीबीडीई आहे असे नाही. एफआर-४ मधले टीबीबीपीए हे वेगळे आगरोधक रसायनही ब्रोमीनच दाखवते आणि ते रोह्सच्या यादीत नाही. क्रोमियम दिसले तरी ते षट्संयुजी आहे की नाही ते कळत नाही. थॅलेट तर त्याला दिसतच नाहीत. शिसे आणि आर्सेनिक यांच्या रेषा एकमेकींवर पडतात, त्यामुळे काच किंवा काही मिश्रधातूंत चुकीचा आकडा येऊ शकतो.

आयईसी ६२३२१ मालिकेतल्या पद्धतीनुसार प्लास्टिकमध्ये शिशाचे वाचन साधारण ७०० पीपीएमच्या खाली असेल तर पास, १३०० च्या वर असेल तर नापास, मधले प्रयोगशाळेत. मापातली अनिश्चितता यात अजून वजा-अधिक करायची असते. कॅडमियमसाठी हेच आकडे ७० आणि १३०. पुढच्या टप्प्यात धातूंसाठी आयसीपी, ब्रोमिनेटेड संयुगांसाठी आणि थॅलेटसाठी जीसी-एमएस या प्रयोगशाळेतल्या चाचण्या. एकसंध थर यंत्राच्या किरणाच्या ठिपक्यापेक्षा लहान असेल तर आलेला आकडा शेजारच्या पदार्थांची सरासरी असतो, हे ऑपरेटरला आधी शिकवा.

षट्संयुजी क्रोमियमचा अहवाल टक्क्यांत का येत नाही?

पॅसिव्हेशनचा थर इतका पातळ असतो की त्याचे वजन वेगळे काढता येत नाही. म्हणून पृष्ठभागावरचे क्रोमियम उकळत्या पाण्यात उतरवून रंगमापनाने मोजतात आणि निकाल प्रति चौरस सेंटिमीटर मायक्रोग्रॅममध्ये देतात. ०.१० च्या खाली नकारात्मक, ०.१३ च्या वर सकारात्मक, मधले अनिश्चित. रंगावर विसंबू नका. पिवळा रंग त्रिसंयुजी पॅसिव्हेशनलाही दिलेला असू शकतो आणि फिकट निळ्या थरातही षट्संयुजी निघू शकते. मुलामा देणाऱ्याकडून बाथच्या रसायनाचे नाव घ्या.

पुरवठादाराने ‘रोह्स प्रमाणपत्र’ दिले आहे. पुरे ना?

त्या कागदावर काय लिहिले आहे त्यावर ठरेल. चांगल्या घोषणापत्रात भागाचा पूर्ण क्रमांक, निर्देशाचा क्रमांक (२०१५/८६३ सह), वापरलेल्या सवलतींचे क्रमांक, तारीख आणि जबाबदार व्यक्तीची सही असते. फक्त ‘२००२/९५/ईसी’ (२००२ ची पहिली आवृत्ती) लिहिलेला कागद म्हणजे कोणी तरी जुना साचा उचलला, थॅलेटबद्दल तो काहीच सांगत नाही.

चाचणी-अहवालात तीन गोष्टी पाहा. नमुन्याचा फोटो तुमच्या भागाशी जुळतो का. पदार्थ वेगळे करून तपासले की सगळा बोर्ड दळून एक आकडा काढला. तसे केले असेल तर तो अहवाल निरुपयोगी. आणि खर्च वाचवायला दोन-तीन पदार्थ एकत्र मिसळले आहेत का. तीन पदार्थ सारख्या वजनाने मिसळून शिसे ४०० पीपीएम आले, तर त्यातल्या एकात १२०० असू शकते. अशा वेळी मर्यादेला नमुन्यांच्या संख्येने भागून निकाल वाचावा लागतो.

तांत्रिक फाइलमध्ये काय ठेवायचे?

मार्गदर्शक मानक आहे ईएन आयईसी ६३०००:२०१८. त्याने जुन्या ईएन ५०५८१ ची जागा घेतली. त्याची मूळ मागणी अशी की प्रत्येक भाग तपासू नका, पण प्रत्येक भागाबद्दल विचार करून निर्णय घ्या. दोन प्रश्न विचारा : या पदार्थात घातक पदार्थ असण्याची शक्यता किती, आणि या पुरवठादारावर भरवसा किती? नामांकित उत्पादकाच्या सिरॅमिक कपॅसिटरला घोषणापत्र पुरते. नव्या पुरवठादाराच्या मऊ काळ्या केबलला मालाची सविस्तर माहिती आणि चाचणी दोन्ही हवीत. हा निर्णय आणि त्यामागचे कारण फाइलमध्ये लिहा. बाजार-निरीक्षक तेच शोधतो.

फाइलमध्ये उत्पादनाचे वर्णन, बीओएमशी जोडलेले पुरावे आणि मानकांची यादी असते. त्यावर आधारित अनुरूपतेची घोषणा आणि सीई चिन्ह येते. उत्पादक आणि आयातदार दोघांनाही शेवटचा नग बाजारात आणल्यापासून १० वर्षे कागद जपावे लागतात. लक्षात घ्या, नियम मॉडेलला नव्हे, बाजारात येणाऱ्या प्रत्येक नगाला लागू होतो. पाच वर्षांपूर्वी मंजूर झालेले मॉडेल आज नव्याने पाठवले तर आजचाच नियम.

घटक-उत्पादकाची बदलसूचना आली की फाइलही उघडा. मुलामा किंवा मोल्डिंग बदलले की जुना अहवाल रद्दी.

रीच आणि रोह्स यांत फरक काय?

रोह्स ठरावीक पदार्थ बंद करतो. रीच (रसायनांवरचे युरोपीय नियमन १९०७/२००६) इथे मुख्यतः सांगायला लावतो. अतिचिंताजनक पदार्थांची उमेदवार यादी वर्षातून साधारण दोनदा वाढते आणि तिच्यात २४० हून अधिक नोंदी आहेत. यातला एखादा पदार्थ वस्तूत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक ग्राहकाला ते आपणहून कळवायचे आणि सामान्य ग्राहकाने विचारल्यावर ४५ दिवसांत विनामूल्य उत्तर द्यायचे.

इथे टक्केवारी एकसंध पदार्थाची नसून ‘वस्तू’ची असते, पण युरोपीय न्यायालयाच्या सप्टेंबर २०१५ च्या निकालानुसार जोडणीतला प्रत्येक घटक वस्तूच राहतो. लॅपटॉपचे वजन घेऊन सुटका नाही, कनेक्टर कनेक्टरच मोजायचा. शिसे २०१८ पासून या यादीत आहे. त्यामुळे सवलतीखालचे पितळी टर्मिनल रोह्समध्ये पास झाले तरी रीचखाली कळवावे लागते. ५ जानेवारी २०२१ पासून ही माहिती स्किप या डेटाबेसमध्येही भरावी लागते. ती जबाबदारी युरोपमधल्या आयातदाराची, पण माहिती तो तुमच्याकडेच मागणार.

युरोपबाहेर काय?

चीनची व्यवस्था २००७ पासून आहे. तिथे उपकरणावरचे चिन्ह आणि कोणत्या भागात कोणता पदार्थ आहे त्याचा तक्ता महत्त्वाचा. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात मूळचे सहा पदार्थ त्याच मर्यादांसह आहेत, थॅलेट नाहीत. अमेरिकेत देशभरचा रोह्स नाही, मात्र कॅलिफोर्नियाचे स्वतःचे नियम आहेत. दहा पदार्थांच्या युरोपीय मर्यादेवर रचना केली तर पदार्थांचा प्रश्न बहुतेक ठिकाणी सुटतो, चिन्हे आणि कागदपत्रे मात्र प्रत्येक देशाची वेगळीच करावी लागतात.

बॅटरीचे काय?

बॅटरी रोह्समध्ये येत नाही. तिला बॅटरी नियमन २०२३/१५४२ लागू : पारा ०.०००५ टक्के, छोट्या बॅटरीत कॅडमियम ०.००२ टक्के आणि शिसे ०.०१ टक्का.

जुन्या उपकरणांसाठी शिसेयुक्त सुटे भाग विकता येतील का?

हो. मूळ उपकरण त्याच्या गटाला नियम लागू होण्याआधी बाजारात आले असेल, तर दुरुस्तीचे सुटे भाग आणि केबल चालतात. पण असे भाग वेगळ्या क्रमांकाने आणि वेगळ्या रॅकवर ठेवा. चालू उत्पादनाच्या लाइनवर ते पोचले की सवलत संपली.

माल पाठवून झाल्यावर मर्यादेपेक्षा जास्त काही सापडले तर?

आधी त्या भागाचा उरलेला साठा आणि तयार माल दोन्ही अडवा. मग निकाल खरा आहे का ते दुसऱ्या पद्धतीने तपासा. एक्सआरएफचा आकडा असेल तर त्याच लॉटचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. लॉट क्रमांकावरून कोणत्या अनुक्रमांकांत तो भाग गेला ते शोधा. हे दोन तासांत जमत नसेल तर तुमची मागोवा-पद्धत कच्ची आहे आणि संकटाआधी एकदा तिची कोरडी चाचणी घेतलेली बरी. अनुरूप नसलेला माल बाजारात गेल्याची खात्री झाली की ज्या देशांत तो गेला तिथल्या अधिकाऱ्यांना लगेच कळवणे बंधनकारक आहे. सोबत दोष काय आणि उपाय काय तेही द्यायचे. पुरवठादाराकडून फक्त बदली माल घेऊ नका. कच्चा माल कधी आणि का बदलला याचे लेखी उत्तर घ्या, कारण त्याच दाण्यांच्या पोत्यातून त्याने तुमचा आणखी एखादा भाग ओतलेला असण्याची दाट शक्यता असते.